‘एकही नोंद आढळली नाही’ म्हणजे नाव नाही, असं नव्हे! ऑनलाइन शोधाच्या अटी नेमक्या कशा चालतात?

जिल्हा सांगली, तालुका कडेगाव, मग गाव. आडनाव टाकलं, शोधा म्हटलं आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. किंवा निवडणुकीच्या तोंडावर मतदार यादीत नाव शोधलं आणि तिथेही पाटी कोरी.

अशा वेळी पहिला विचार येतो, ‘आपलं नाव उडवलं वाटतं!’ पुढच्या पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. कुणी म्हणतं घोटाळा आहे, कुणी म्हणतं सर्व्हर बंद असेल.

दोन्ही शक्यता असतात. पण बऱ्याचदा कारण तिसरंच असतं. नोंद जागेवर असते, फक्त आपण घातलेली अट त्या नोंदीला लागू होत नाही. संगणक ‘तुमचं नाव नाही’ असं म्हणत नसतो. तो एवढंच सांगत असतो की ‘तुम्ही दिलेल्या सगळ्या अटी पूर्ण करणारी ओळ माझ्याकडे नाही.’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक सगळ्यांनाच कळायला हवा, पण कडेगाव-खानापूर-आटपाडी पट्ट्यासाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. या भागातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. तमिळनाडूत किंवा बंगालमध्ये दुकान आणि गावाकडे शेती, असा संसार असताना दरवेळी तलाठी कार्यालयात जाणं शक्य नसतं. त्यांच्यासाठी गावाची जमीन म्हणजे मोबाइलवरचा शोधाचा रकाना. त्या रकान्याला प्रश्न कसा विचारायचा, हे माहीत असलेलं बरं.

शोध म्हणजे चाळणी

सातबारा असो, मतदार यादी असो, रेशन कार्डची यादी असो की शॉपिंग ॲप, आतली माहिती साधारणपणे तक्त्यांमध्ये साठवलेली असते. आडव्या ओळी म्हणजे एकेक नोंद, उभे रकाने म्हणजे त्या नोंदीचे तपशील. अशा तक्त्यांच्या संग्रहाला डेटाबेस म्हणतात.

माहिती अशी तक्त्यांत मांडायची आणि प्रश्न विचारून हवी ती काढायची, ही कल्पना एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० मध्ये मांडली. त्यानंतर १९७४ मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला आणि आजही जगभरातले असंख्य डेटाबेस तिच्यावर चालतात.

या भाषेत एक शब्द आहे, ‘व्हेअर’. त्याच्या पुढे अट लिहायची. संगणक एकेका नोंदीला विचारतो, ‘ही अट तुला लागू होते का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ओळ दाखवायची, नाहीतर मागे ठेवायची. थोडक्यात ही चाळणी आहे. आपण वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडतो, नाव टाइप करतो, तेव्हा नकळत हीच चाळणी तयार करत असतो.

समजा, आपल्याकडे हा छोटासा तक्ता आहे. गावं कडेगाव तालुक्यातली खरी आहेत, बाकी माहिती केवळ उदाहरणासाठी बनवलेली आहे.

| क्र. | नाव | गाव | पीक | क्षेत्र (आर) |
|---|---|---|---|---|
| १ | सुनीता | कडेगाव | ऊस | ४० |
| २ | दत्तात्रय | वांगी | ऊस | ६० |
| ३ | सुनिता | कडेगाव | सोयाबीन | २० |
| ४ | रुक्मिणी | नेवरी | द्राक्ष | ३५ |
| ५ | बाळासो | कडेगाव | ऊस | १०० |
| ६ | दत्तात्रेय | चिंचणी | सोयाबीन | ४० |
| ७ | शबाना | कडेगाव | ऊस | २५ |
| ८ | अशोक | वांगी | (रिकामे) | ५० |

आता ‘गाव = कडेगाव’ ही एकच अट लावा. १, ३, ५ आणि ७ अशा चार ओळी येतील. बाकीच्या चार दिसणार नाहीत. पण त्या पुसल्या गेलेल्या नाहीत, तक्त्यात जशाच्या तशा आहेत. चाळणी माहिती दाखवते किंवा लपवते. ती माहिती बदलत नाही.

‘आणि’ने निकाल आटतो, ‘किंवा’ने वाढतो

एकापेक्षा जास्त अटी जोडायच्या तर ‘आणि’ किंवा ‘किंवा’ लागतं. ‘गाव कडेगाव आणि पीक ऊस’ म्हटलं तर १, ५, ७ अशा तीन ओळी येतात. ‘गाव कडेगाव किंवा पीक ऊस’ म्हटलं तर १, २, ३, ५, ७ अशा पाच येतात.

बोलण्यात मात्र आपण उलटं वागतो. ‘मला कडेगाव आणि वांगीचे शेतकरी दाखवा’ असं म्हणतो. माणसाला ते कळतं. संगणकाला मात्र ‘गाव कडेगाव आणि गाव वांगी’ असं सांगितलं तर तो एकाच वेळी दोन्ही गावं असलेली ओळ शोधेल. अशी ओळ असूच शकत नाही, म्हणून निकाल शून्य. इथे हवं असतं ‘किंवा’.

दुसरा घोळ दोन्ही शब्द एकत्र आले की होतो. ‘गाव कडेगाव किंवा गाव वांगी आणि पीक ऊस’ ही अट वाचून आपल्याला वाटेल की दोन्ही गावांतले ऊस उत्पादक येतील. पण एसक्यूएलमध्ये ‘आणि’ आधी सोडवला जातो, जसा गणितात गुणाकार बेरजेच्या आधी. त्यामुळे अर्थ होतो, ‘वांगीतला फक्त ऊस, शिवाय कडेगावचं सगळं.’ पाच ओळी येतात आणि त्यात सोयाबीनवाली तिसरी ओळही घुसते. कंस घालून ‘(कडेगाव किंवा वांगी) आणि ऊस’ असं लिहिलं की मग बरोबर चार ओळी मिळतात: १, २, ५, ७.

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांवर तर्काचं गणित उभं करणारा माणूस म्हणजे जॉर्ज बूल. त्याचं या विषयावरचं मुख्य पुस्तक १८५४ चं. म्हणजे संगणक येण्याच्या कितीतरी आधी चाळणीचे नियम ठरले होते.

सरकारी वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये हे शब्द दिसत नाहीत. पण जिथे एकापेक्षा जास्त रकाने भरायचे असतात, तिथे ते सहसा ‘आणि’ने जोडलेले असतात. म्हणजे जितके जास्त रकाने भराल तितकी चाळणी बारीक. पाच रकाने अचूक असले आणि सहाव्यात वय एक वर्षाने चुकलं, तरी नोंद बाहेर पडू शकते. आपल्याला वाटतं जास्त माहिती दिली की शोध सोपा होईल. प्रत्यक्षात प्रत्येक रकाना ही चुकण्याची एक नवी जागा असते.

रिकामा रकाना: ना हो, ना नाही

वरच्या तक्त्यात ऊसवाल्या ओळी किती? चार: १, २, ५, ७. आता अट उलटी करू: ‘पीक ऊस नाही’. आठमधून चार गेल्या, म्हणजे उरलेल्या चार यायला हव्यात. पण येतात तीनच: ३, ४, ६.

आठवी ओळ कुठे गेली? अशोकच्या ओळीत पिकाचा रकाना रिकामा आहे. डेटाबेसच्या भाषेत या रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘काहीही पेरलेलं नाही’ असंही नव्हे. नल म्हणजे ‘माहिती नाही’. अशोकच्या शेतात ऊस आहे का? माहीत नाही. ऊस नाही असं म्हणता येईल का? तेही माहीत नाही. चाळणी फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांना पुढे सोडते. त्यामुळे ही ओळ ऊसवाल्यांतही नसते आणि ऊस नसलेल्यांतही नसते. तिला शोधायला ‘रकाना रिकामा आहे का?’ अशी वेगळीच अट लावावी लागते.

ही बाब दिसायला तांत्रिक आहे, पण तिचे परिणाम माणसांपर्यंत येतात. ‘ज्यांच्या खात्याला आधार जोडलेलं नाही त्यांची यादी काढा’ असं कुणी सांगितलं आणि यादी काढणाऱ्याने रिकामे रकाने विचारात घेतले नाहीत, तर ज्यांची माहिती भरलीच गेली नाही ते दोन्ही याद्यांतून गळतात. लाभ मिळालेल्यांत त्यांचं नाव नसतं आणि राहिलेल्यांतही नसतं. म्हणून कुठल्याही आकडेवारीत ‘आहेत’ आणि ‘नाहीत’ यांची बेरीज एकूण संख्येइतकी होते का, हे एकदा पाहावं. होत नसेल तर मधली माणसं कुठे गेली, हा प्रश्न विचारायला हवा.

‘४० ते ६०’ मध्ये ४० धरायचे का?

‘क्षेत्र ४० ते ६० आर’ ही अट बघा. एसक्यूएलच्या ‘बिटवीन’ या शब्दात दोन्ही टोकं धरली जातात. म्हणून १, २, ६, ८ अशा चार ओळी येतात. पण ‘४० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी’ असं लिहिलं तर फक्त आठवी ओळ उरते. एका शब्दाच्या फरकाने चारातले तीन जण बाहेर.

एखाद्या योजनेची वयाची किंवा क्षेत्राची मर्यादा वाचताना ‘पर्यंत’, ‘पेक्षा कमी’ आणि ‘किमान’ हे शब्द नीट बघायचे ते यासाठी. काठावर असलेल्या माणसाचं सगळं त्या शब्दावर ठरतं.

एककाचंही तसंच. गावात बोलताना आपण एकर आणि गुंठे म्हणतो, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे एक हेक्टर, ४० गुंठे म्हणजे एक एकर आणि एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. एक एकरवाल्याने हेक्टरच्या रकान्यात ‘१’ टाकलं तर तो जवळजवळ अडीचपट मोठी जमीन शोधत असतो.

‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ या दोन वेगळ्या बायका

सगळ्यात जास्त शोध फसतात ते नावाच्या स्पेलिंगवर. तक्त्यात ‘नाव = सुनीता’ अशी तंतोतंत अट लावली तर फक्त पहिली ओळ येते. तिसऱ्या ओळीतली सुनिता वेलांटीच्या फरकामुळे मागे राहते. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, सूर्यवंशी आणि सुर्यवंशी, शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब आणि यादीत बाळासो. सांगली-कोल्हापूरकडे ‘साहेब’चं ‘सो’ करून लिहायची जुनी पद्धत आहे. माणूस दोन्ही एकच समजतो, साधी तंतोतंत तुलना समजत नाही.

यावर उपाय म्हणून एसक्यूएलमध्ये ‘लाइक’ नावाची सोय आहे. यात नावाचा एक तुकडा लिहायचा आणि उरलेल्या जागी % हे चिन्ह टाकायचं. त्याचा अर्थ, ‘इथे पुढे काहीही चालेल.’ ‘सुन%’ लिहिलं की सुनीताही येते, सुनिताही येते आणि तक्त्यात सुनंदा असती तर तीही आली असती. ‘दत्तात्र%’ लिहिलं की दोन्ही दत्तात्रय सापडतात. चाळणी थोडी सैल केली की दोन-चार नको असलेली नावं येतात, पण हवं ते निसटत नाही.

सामान्य वेबसाइटवर % टाकायची सोय नसते, पण युक्ती तीच वापरता येते. पूर्ण नाव टाकून काही आलं नाही तर नावाचा तेवढाच भाग टाका, ज्याच्या स्पेलिंगमध्ये घोळ होऊच शकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, अनुस्वार यांच्या आधीच थांबा.

डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं

मराठीच्या बाबतीत एक छुपी अडचणही आहे. संगणक अक्षर बघत नाही, त्या अक्षराला दिलेला क्रमांक बघतो. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला आहे. पण काही अक्षरं एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतात. ‘ऱ्हाटणी’ किंवा ‘गोऱ्हे’ मधला ऱ्हा-ऱ्या हा अर्धा र घ्या. तो कीबोर्डनुसार वेगवेगळ्या क्रमांकांच्या जोडीने साठवला जाऊ शकतो. स्क्रीनवर दिसतो सारखाच, तुलनेत मात्र वेगळा ठरू शकतो.

अंकांचंही तसंच. देवनागरी अंकांत टाइप केलेला गट नंबर आणि इंग्रजी अंकांत टाइप केलेला तोच नंबर, हे संगणकासाठी निरनिराळे क्रमांक आहेत. काही वेबसाइट ते आपोआप जुळवून घेतात, काही घेत नाहीत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेसही काही ठिकाणी शोध बिघडवते, विशेषतः नाव दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं असेल तेव्हा.

जुन्या फाइलींचा प्रश्न आणखी वेगळा. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप व्हायचं. त्या फाइलींत आत इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. अशा पीडीएफमध्ये तुम्ही मोबाइलवरून मराठीत नाव शोधलं तर ते समोर दिसत असूनही ‘आढळलं नाही’ असं उत्तर येतं. स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, फक्त फोटो असतो. अशा यादीत शोधाचा रकाना वापरण्यात अर्थ नाही, पानं उलटून डोळ्यांनीच वाचावं लागतं.

सातबारा: नोंद आहे, पण दुसऱ्या नावावर

आता खऱ्या चाळणीकडे येऊ. राज्याच्या महाभूलेख पोर्टलवर सातबारा बघताना आधी ठिकाण निवडायचं असतं: जिल्हा, तालुका, गाव आणि त्यानंतर गट किंवा सर्व्हे नंबर, नाहीतर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव. म्हणजे एकापेक्षा जास्त अटी आणि सगळ्या ‘आणि’ने जोडलेल्या.

पहिली अडचण गावाची. सांगली जिल्ह्यातच चिंचणी नावाचं एक गाव कडेगाव तालुक्यात आहे आणि एक तासगाव तालुक्यात. पालघर जिल्ह्यातली चिंचणी वेगळीच. तालुका चुकला की तुम्ही बरोबर नावाने चुकीच्या गावात शोधत बसता. शिवाय कडेगाव आणि कडेपूर ही एकाच तालुक्यातली दोन वेगळी गावं आहेत. घाईत यादीतून भलतंच गाव निवडलं जाऊ शकतं.

दुसरी अडचण काळाची. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात, सांगली जिल्ह्यात आहे. पण १९१३ मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं आणि पुढे खानापूर तालुक्यातून कडेगाव तालुका वेगळा झाला. गाव जागचं हललं नाही, पण ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ या रकान्यांतली उत्तरं बदलत गेली. जुने दस्त, जन्मनोंदी, शाळेचे दाखले शोधताना आजचा तालुका टाकून भागत नाही. त्या काळचा तालुका टाकावा लागतो.

तिसरी अडचण नंबराची. जमिनीच्या एकत्रीकरण योजनेनंतर अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदावर असलेला सर्व्हे नंबर आज टाकला तर काहीच येणार नाही किंवा भलत्याचीच जमीन येईल.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण नावाची. जमीन आपण कसतो, पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं, कारण वारस नोंद केलेली नसते. काही जमिनी घरातल्या थोरल्या भावाच्या नावावर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलेल्या असतात. अज्ञान वारसांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून पालनकर्त्याचं नाव असतं. लेकीचं नाव माहेरच्या आडनावाने लागलेलं असतं आणि ती शोधत असते सासरच्या आडनावाने. या सगळ्यांत ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर अगदी बरोबर असतं. तुमच्या नावाची नोंद खरोखरच नसते, जमिनीची असते. अशा वेळी ‘माझं नाव का नाही?’ याआधी ‘ही जमीन कागदावर कुणाच्या नावावर आहे?’ हे शोधावं.

मतदार यादी: तीन वाटा, तीन चाळण्या

निवडणूक आयोगाच्या मतदार शोध पोर्टलवर तीन पद्धतींनी नाव शोधता येतं: तपशील भरून, ओळखपत्राच्या एपिक क्रमांकाने किंवा मोबाइल क्रमांकाने.

तिन्हींचा स्वभाव वेगळा. एपिक क्रमांक तीन इंग्रजी अक्षरं आणि सात अंक असा दहा खुणांचा असतो आणि प्रत्येक मतदाराला वेगळा मिळावा, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे तो टाकला की अट एकच, नाव-वयाच्या घोळाचा प्रश्न नाही. कार्ड हाताशी असेल तर सुरुवात इथूनच करावी. मोबाइल क्रमांकाची पद्धत तो क्रमांक नोंदणीत जोडलेला असेल तरच चालते. जोडलेला नसेल तर तो रकाना नल, म्हणजे निकाल कोरा. त्यावरून नाव यादीत नाही असा अर्थ काढू नये.

तपशिलांच्या पद्धतीत नाव, नातेवाईकाचं नाव, वय किंवा जन्मतारीख, लिंग, जिल्हा, मतदारसंघ असे बरेच रकाने असतात. कडेगावच्या मतदारांसाठी विधानसभा मतदारसंघ पलूस-कडेगाव आहे. इथे वय हा नेहमीचा सापळा. नोंदणीच्या वेळी अंदाजे सांगितलेलं वय आणि आधारवरचं वय जुळत नाही आणि चाळणीतून नाव निसटतं.

स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी

चाळणी जशी जास्त बारीक असू शकते, तशी जास्त सैलही असू शकते. ‘बघा, एकाच नावाचे किती मतदार!’ असे स्क्रीनशॉट फिरतात. त्यात निकाल दिसतो, अट दिसत नाही. फक्त आडनाव आणि पहिलं नाव टाकून शोधलं तर एकाच तालुक्यात त्याच नावाची अनेक खरी माणसं सापडणं साहजिक आहे. गावात एकाच आडनावाची मोठी भावकी असेल आणि मुलाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असेल, तर चुलत भावंडांची संपूर्ण नावंही जुळू शकतात.

दुबार नोंदी नसतातच असं नाही. त्या असतात आणि त्या शोधल्याच पाहिजेत. पण नाव सारखं आहे एवढ्यावरून माणूस एकच ठरत नाही. वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, पत्ता, फोटो हे सगळं जुळतं का, हे पाहिल्याशिवाय तो पुरावा होत नाही, फक्त संशय राहतो.

म्हणून कुठलाही असा स्क्रीनशॉट आला की तीन प्रश्न विचारा. कुठल्या यादीत शोधलं? कोणत्या अटी लावून शोधलं? कुठल्या तारखेची यादी होती? यांची उत्तरं नसतील तर तो निकाल तपासताच येत नाही. आणखी एक गोष्ट: अनेक वेबसाइट पहिल्या पानावर ठरावीकच ओळी दाखवतात. पहिल्या पानावर दहा नावं दिसली म्हणजे एकूण दहाच आहेत, असं नाही.

मग शोधायचं कसं?

१. सर्वांत कमी अटींनी सुरुवात करा. आधी निकाल येऊ द्या, मग एकेक अट वाढवत नेमक्या नोंदीपर्यंत पोहोचा.

२. क्रमांक असेल तर नावाऐवजी क्रमांक वापरा. सातबाऱ्यासाठी गट नंबर, मतदारासाठी एपिक क्रमांक. गट नंबर टाकताना आधी मुख्य नंबर टाका, त्याचे पोटहिस्से यादीत दिसले की त्यातून आपला निवडा.

३. निकाल कोरा आला तर एका वेळी एकच अट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय चुकत होतं, ते कळत नाही.

४. नावाची सगळी रूपं कागदावर लिहून घ्या: ऱ्हस्व-दीर्घ, ‘साहेब-सो’, माहेर-सासर. मग एकेक करून बघा.

५. शेजाऱ्याची नोंद शोधून पाहा. त्याच गावातली, नक्की असलेली नोंदही येत नसेल तर अडचण तुमच्या नावात नाही, वेबसाइटमध्ये किंवा निवडलेल्या गावात आहे. ही सगळ्यात सोपी चाचणी आहे आणि ती फार कमी लोक करतात.

६. कोणत्या अटी लावल्या आणि काय आलं, हे तारखेसह लिहून ठेवा. कार्यालयात गेल्यावर ‘ऑनलाइन दिसत नाही’ यापेक्षा ‘या गटावर नाव दिसतं, पण आडनावाने शोधल्यावर दिसत नाही’ हे सांगितलं तर काम लवकर पुढे सरकतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर?

मग मात्र गप्प बसू नका. नोंद खरोखरच नसेल किंवा चुकीची असेल, तर दुरुस्तीची वाट ठरलेली आहे.

मतदार यादीत नाव नसेल तर नव्या नोंदणीसाठी नमुना ६ भरायचा. नाव आहे पण चुकलंय, किंवा पत्ता बदललाय, तर नमुना ८. माहितीसाठी १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे आणि तुमच्या यादी भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यालाही विचारता येतं. हे सगळं मतदानाच्या आदल्या दिवशी होत नाही. नावं घालण्याची मुदत आधीच संपलेली असते, त्यामुळे नाव शोधायची योग्य वेळ निवडणूक जाहीर होण्याच्या आधीची.

सातबाऱ्यावर लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. तो साधारणपणे तहसील कार्यालयात द्यायचा असतो. वारस नोंद राहिली असेल तर तो वेगळा फेरफार आहे, त्यासाठी मृत्यू दाखला आणि वारसांच्या तपशिलासह गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. आणि महाभूलेखवर मोफत दिसणारा सातबारा फक्त बघण्यासाठी असतो. कर्जाच्या किंवा कोर्टाच्या कामाला शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो.

कोऱ्या स्क्रीनचे अर्थ दोन: एक तर नोंद नाही, किंवा अट जुळत नाही. पहिल्यासाठी अर्ज करावा लागतो, दुसऱ्यासाठी फक्त प्रश्न बदलून विचारावा लागतो. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे आधी ठरवलं तर तहसीलची एक फेरी वाचते. आणि नाव खरंच गळालं असेल, तर ते वेळेत कळतं.